ओला डफ

सिडोनीमावशीने नदीला भोकं पाडून पाडून तिचा जीव घेतला, असं आमच्या गावात बोललं जातं.

ही बातमी पहिल्यांदा फोडली एडीमामाने, दुकानाच्या दारात, हातात कॉफीचा कागदी पेला धरून. एडीमामाची रीत अशी, की आधी नाक ओढायचं, मग इकडेतिकडे बघायचं, आणि मग जे सांगायचं ते असं सांगायचं जणू कुणीतरी पोटात गुडघा देऊन बोलायला लावलंय. "मी कुणाचं नाव घेत नाही, हां. पण आधी नदी कशी होती? बर्फावरून ट्रक जायचे, ट्रक! मग कुणीतरी गिरमिट उचललं आणि पोरं घेऊन निघालं. दर शुक्रवारी भोक. आता तूच सांग जोसेट, तुझ्या अंगाला कुणी दर शुक्रवारी भोक पाडलं तर तू जाड होशील का बारीक?"

(मामाची नक्कल मी अशी करते, की एकदा खुद्द मामी आतून ओरडली, "एडी, बूट बाहेर काढ!")

तर अफवा खोटी आहे. भोकं एकूण चौदा. एकेक तळहाताएवढं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गोठून बुजलेलं. नदी दीड किलोमीटर रुंद. तिला त्याचं काय होणार? पण गावाला टोचतं ते भोक नाही, त्यातून बर्फाची जाडी मोजणं. आमच्यात जिवंत गोष्ट मोजत नाहीत. कळपात किती जनावरं दिसली हे शिकारी मोठ्याने सांगत नाही, आणि नदीच्या अंगावर पट्टी ठेवायची तर ती म्हणणार, माझ्यावर विश्वास नाही का तुमचा? मग ती दाखवते. एडीमामा हे असं बोलत नाही, पण त्याच्या बोलण्याच्या तळाशी हेच आहे.

खरं सांगू? अफवा खरी असती तर फार बरं झालं असतं. भोकं पाडणं बंद केलं असतं आणि नदी पुन्हा जाड झाली असती.

सिडोनीमावशी आमच्या शाळेत तिसरी, चौथी आणि पाचवी एकाच खोलीत शिकवते. मुलं अकरा. मी त्यांतून कधीच पुढे गेले, पण शुक्रवारी मदतीला जाते. तिचा जन्म नदीपलीकडच्या, वसंत ऋतूतल्या शिकारीच्या तळावर, तंबूत झाला. शिक्षिका व्हायला ती शहरात गेली आणि चार वर्षांनी जशी गेली तशीच परत आली, फक्त चष्मा लागला. बुटकी आहे. पायांत स्वतः मणी लावलेले मूस हरणाच्या कातड्याचे बूट. कुणाला "नाही" म्हणत नाही. मुलगा म्हणाला, सात आणि आठ तेरा, तर ती म्हणते, "बरं. मग पंधरा कुणाचे?" आणि पैजा लावते. सगळ्यांशी, कशावरही. हातखेळात, म्हणजे समोरच्याने कुठल्या मुठीत खडा लपवलाय ते ओळखायच्या खेळात, ती आमच्या बाजूची म्होरकी असते. समोरची पाच माणसं डफाच्या ठेक्यावर डोकी हलवत असतात आणि ही त्यांच्या मुठींकडे बघतच नाही. मानेकडे बघते.

तिच्या वर्गात सकाळी पहिल्यांदा गोटी सोडतात. दारापाशी जमिनीवर गोटी ठेवायची, हात काढायचा, आणि ती खिडकीपाशी जाऊन थडकेपर्यंत मोजायचं. शाळेखालची जमीन पूर्वी बारा महिने गोठलेली असायची, आता ती आतून मऊ होते आहे आणि शाळा नदीकडे कलते आहे. मी तिसरीत होते तेव्हा गोटीला नऊ सेकंद लागायचे. आता चार. हे गणित. भिंतीवर बर्फाचे आपल्या भाषेतले एकवीस शब्द लावलेत, ही भाषा. त्यातल्या तीन शब्दांखाली चित्र नाही, कारण तसा बर्फ मुलांनी पाहिलेलाच नाही. तिथे कोरी चौकट ठेवली आहे. खिडकीतून नदीपलीकडची दलदल दिसते. उन्हाळ्यात ती जळाली, आम्हाला विमानाने गाव सोडावं लागलं, मग बर्फ पडला, आणि तरी फेब्रुवारीत बर्फातून धुराची बारीक रेघ वर येते. आग खालच्या मातीत जिवंत आहे. मुलं रोज ती रेघ वहीत काढतात. ही चित्रकला.

"मावशी, ती विझणार कधी?" असं लीवायने विचारलं होतं. लीवाय आठ वर्षांचा, पुढचे दोन दात नसलेला.

"तुझ्या आजीला विचार," मावशी म्हणाली.

"आजी म्हणते, तुला विचार."

"मग दोघी मिळून बघतो," मावशी म्हणाली. मला ते तेव्हा विनोदी वाटलं होतं. घरी जाऊन मी दोन्ही आवाज काढून दाखवले. आई हसली नाही.

आता डॉल्फस आजोबा. मावशीचे थोरले काका, वय एक्याऐंशी. दर एप्रिलमध्ये गाव नदी ओलांडून या वसंतातल्या तळावर जातं, बीव्हर धरायला, बदकांची वाट बघायला. वाट उघडतात ते डॉल्फस आजोबा. हातात लोखंडी पहार. तीन पावलं टाकतात, बर्फावर पहार मारतात, मान तिरकी करून ऐकतात, पुढे जातात. त्यांच्या पुढे कुणी जात नाही आणि ते ऐकत असताना कुणी बोलत नाही. चांगला बर्फ तापवलेल्या डफासारखा वाजतो, टण्ण. सडलेला बर्फ ओल्या डफासारखा, बप्प. पन्नास वर्षांत त्यांच्या पावलावर पाऊल टाकलेलं एकही माणूस नदीने घेतलं नाही. बर्फाच्या जाडीचं यंत्र सरकारने पाठवलं होतं, ते त्यांनी दाराला अडसर म्हणून लावलंय.

त्या जानेवारीत हातखेळ होता. खेळाआधी सगळे आपापले डफ शेकोटीवर धरतात, कातडं ताणेपर्यंत. सगळ्यांचे झाले. आजोबा धरूनच बसले. बोटाने टिचकी मारायची, कान लावायचा, पुन्हा जाळावर. पुन्हा टिचकी. डफ कधीचा टणटणत होता. आणि मग फाट्टकन कातडं मधोमध फाटलं.

"हल्ली कॅरिबूचं कातडंच पातळ येतं," एडीमामा म्हणाला. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही.

मावशीने हलवली नाही. ती आजोबांच्या मानेकडे बघत होती. नंतर कोट चढवताना तिने मला दाराशी गाठलं.

"ए डोमकावळे. काकांची नक्कल तू त्यांच्या पाठीमागे उभी राहून करतेस ना?"

"मी? कधी?"

"वळतात का ते?"

"नाही गं. म्हणून तर मागे उभी राहते."

तिने कोटाची चेन अर्ध्यावर सोडली. "कधीपासून वळत नाहीत?"

मी मोजलं. मला आठवलं. "दोन हिवाळे," मी म्हटलं.

ज्या कानाच्या भरवशावर अख्खं गाव नदी ओलांडतं, तो कान दोन हिवाळ्यांपासून बंद होता.

मार्चमध्ये मुलांच्या वहीत सात नंबरचं भोक वेगळं दिसायला लागलं. ते ओढ्याच्या तोंडासमोर आहे, बरोबर आजोबांच्या वाटेवर. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी ब्याण्णव सेंटिमीटर. शेवटच्या शुक्रवारी सत्तर. एप्रिलच्या दुसऱ्या शुक्रवारी अडतीस. वरून काही दिसत नव्हतं, सगळं पांढरं, सपाट, शहाण्यासारखं. खालून ओढ्याचं कोमट पाणी खात होतं. आणि त्या दिवशी गिरमिटाने जो बर्फ बाहेर आला तो तुकड्यांनी आला नाही, उभ्या उभ्या काड्यांनी आला, मेणबत्त्यांच्या जुडग्यासारखा. लीवायने जुडगा मुठीत धरला आणि तो नुसता सुटून पडला.

"खाता येतो," लीवाय म्हणाला आणि एक काडी तोंडात टाकली.

"थुंक," मावशी म्हणाली. एवढंच. तिचा आवाज मी आजपर्यंत काढू शकलेले नाही.

निघायला आठ दिवस होते. अकरा मुलांची सहलही त्याच दिवशी, आजोबांच्या मागून.

"सहल रद्द कर ना," मी म्हटलं.

"समज, केली. मग? पोरं घरी जातील, आपापल्या बापाच्या स्कीडूवर बसतील आणि काकांच्या मागून जातील. बावीस घरं जाणारेत, जोसेट."

"मग आजोबांना सांग, तुम्हाला ऐकू येत नाही."

"कुणी सांगायचं? तू सांगतेस?"

मी बुटांकडे बघितलं. आमच्यात थोरल्या माणसाला तोंडावर चूक म्हणत नाहीत. आणि हे तर चूक म्हणणंही नव्हतं. त्यांना मिटवून टाकणं होतं.

तरी ती गेली त्यांच्याकडे, सुका मासा आणि बॅनकची भाकरी घेऊन. मीही गेले. आजोबांनी मोठमोठ्याने चहा प्यायला. मावशीने गोल गोल सुरुवात केली, ओढ्याला यंदा लवकर पाणी सुटलंय म्हणे, पोरांच्या वहीत असं असं आलंय, तुम्ही बघता का जरा. आजोबांनी वही हातातसुद्धा घेतली नाही.

"माणसाला मोजलं की माणूस खंगतो," ते म्हणाले. ते बोलतात तेव्हा दोन वाक्यांमध्ये एवढी जागा सोडतात की तेवढ्यात मासा खाऊन होतो. "नदी माझ्याशी बोलते. पोरांना सांग, ऐकायला शिका."

"शिकवते, काका," मावशी म्हणाली.

येताना मला वाटलं ती रडेल. पण ती चालता चालता दोन बोटांनी मांडीवर ठेका धरत होती. टण्ण, टण्ण, बप्प. सोमवारपासून तिने वर्गात गाण्याचा तास रोज ठेवला.

निघायच्या दिवशी आभाळ कोरडं आणि ऊन चकचकीत होतं. काठावर बावीस घरं, बर्फावरच्या स्कीडू-मोटारी, बर्फगाड्या, कुत्री, सगळा गोंधळ. आजोबांनी शेकोटीला घास घातला, नदीला तंबाखूची चिमूट वाहिली. मग सगळे गप्प झाले. तेव्हा मावशी पुढे झाली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, अगदी त्यांच्या तोंडासमोर उभी राहून म्हणाली, "काका, गाण्याच्या तासाला पोरांना बर्फाचे आवाज शिकायचेत. तुम्ही पहार मारा. लीवाय ऐकेल आणि डफावर तोच आवाज काढेल. चुकला तर कान उपटा."

"दोन्ही?" आजोबांनी विचारलं. लोक हसले.

"दोन्ही. एकाने काय होतंय त्याचं!"

आजोबा खूश झाले. लीवाय डफ शेकोटीवर तापवून छातीशी धरून त्यांच्या डाव्या हाताला उभा राहिला. मागे दहा मुलं, मग मावशी, मग मी. बाकी गाव काठावरच थांबलं. मला वाटतं ते मावशीनेच कुणाला तरी कुजबुजून सांगितलं होतं.

पहार पडली. टण्ण. लीवायचा डफ, टण्ण. आजोबांनी मान हलवली. तीन पावलं. टण्ण, टण्ण. काठ मागे राहिला. उन्हाने डोळे मिटत होते. पुढे सात नंबरच्या भोकाशी रोवलेला लाल झेंडा दिसत होता. मी पायाखाली बघत नव्हते, मावशीच्या मानेकडे बघत होते. झेंड्यापासून वीस पावलांवर आजोबांनी पहार मारली.

बप्प.

त्यांनी मान तिरकी केली, ऐकल्यासारखं केलं, आणि पाय उचलला.

लीवायने डफ वाजवला. बप्प. तळहाताने दाबून, अगदी तस्सा.

आजोबांचा पाय हवेतच राहिला. आवाज त्यांना आला की नाही कोण जाणे, पण हात कसा पडला ते दिसलं. "चुकलास," ते म्हणाले. "डफ गार पडलाय तुझा."

"नाही आजोबा," लीवाय म्हणाला. "गरम आहे. हात लावा."

त्यांनी हातमोजा काढला आणि डफाच्या कातड्यावर तळवा ठेवला. ताठ, गरम. एक्याऐंशी वर्षांच्या हाताला डफ कळतो. त्यांनी लीवायकडे बघितलं. मग मागे वळून मुलांकडे. "तुम्ही काय ऐकलंत?"

 थोरल्या माणसाला चूक कसं म्हणायचं? पाण्याच्या घशात काहीतरी अडकावं तसा आवाज बर्फाखालून आला. आजोबांना तो आला नाही. आम्हाला आला.

मग मावशीने फक्त हात वर केला, वर्गात गाणं सुरू करताना करते तसा. आणि दहाही मुलांनी एकदम, तोंडाने, लीवायसारखंच केलं. बप्प. ओठ मिटले, उघडले.

आजोबा त्या ओठांकडे बघत होते. किती वेळ ते मी सांगू शकत नाही. त्यांच्या दोन वाक्यांमध्ये जेवढी जागा असते त्याच्या दहापट. मग त्यांनी पहार उभी धरली, टोक बर्फावर टेकवलं, आणि वरच्या टोकावर हनुवटी ठेवून डोळे मिटले. हाडाने ऐकत होते. डोळे उघडले तेव्हा ते माझ्या ओळखीचे वाटले नाहीत.

"आज माझे गुडघे दुखतात," ते म्हणाले. "यंदा तळ नाही. वळा. सगळ्यात लहान आधी."

पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या पुढे माणसं चालली. ते सगळ्यांत शेवटी आले, उलटे, नदीकडे तोंड करून.

काठावर आलो. चहा उकळला. एडीमामाने नाक ओढलं, इकडेतिकडे बघितलं. "गुडघे," तो म्हणाला. "वय झालं की गुडघेच जातात पहिले." तो बोलत असतानाच लाल झेंडा थोडा कलला. मग आणखी. मग जिथे झेंडा होता तिथे एक काळा गोल होता, आणि तो गोल हळूहळू मोठा होत होता. कसलाच आवाज झाला नाही. निदान या वेळी आम्ही सगळेच आजोबांइतके बहिरे होतो.

एडीमामाच्या हातातला पेला तिरपा होऊन चहा त्याच्या बुटावर सांडत होता. त्याचा धाकटा मुलगा त्या दहांत होता.

मावशी माझ्याशेजारी येऊन बसली. तिने हात मांडीखाली घातले.

"वाचलो," मी म्हटलं.

"यंदा," ती म्हणाली. "आज एकोणीस एप्रिल. पुढच्या वर्षी हा आवाज मार्चमध्येच येईल."

"मार्च? हट! मार्चमध्ये तर ट्रक जातात."

"लाव पैज."

"लावली. कशाची?"

ती आजोबांकडे बघत होती. ते एकटे पहार पुसत होते, पुन्हा पुन्हा, पुसून झाल्यावरही. "जी हरेल," ती म्हणाली, "तिने काकांना खरं सांगायचं. कानाचं. पुढच्या वर्षी गुडघे पुरणार नाहीत."

मी हात पुढे केला. मार्च! मला वाटलं, ही पैज म्हणजे फुकटची.

यंदा नदी नाताळापर्यंत गोठलीच नाही. शाळेतली गोटी आता तीन सेकंदांत खिडकीला लागते. पलीकडची धुराची रेघ अजून आहे, तिच्या शेजारी दुसरी आली आहे. भिंतीवरच्या चौथ्या शब्दाखालचं चित्र मावशीने काढून कोरी चौकट लावली. एडीमामा हल्ली शुक्रवारी गिरमिट स्वतः उचलून देतो. पण दुकानाच्या दारात अफवा चालूच आहे, दुसरं कुणीतरी चालवतं.

सव्वीस मार्चचा शुक्रवार होता. सात नंबरची नवी जागा आम्ही काठाच्या जवळ घेतली होती. गिरमिट लावायच्या आधी लीवायने सवयीने पहार मारली. त्याला आता दात आलेत.

बप्प.

मुलांनी माझ्याकडे बघितलं. मावशीने बघितलं नाही. तिने चष्मा काढून पुसला, परत लावला आणि वहीत तारीख लिहिली. जिंकल्याचा आनंद तिच्या मानेवर कुठेच नव्हता.

मी एकटीच आजोबांच्या घरी गेले. ते शेगडीजवळ बसून नव्या डफाला कातडं ताणत होते. रोजच्यासारखी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले असते तर त्यांना कळलंही नसतं. मी फिरून त्यांच्या समोर गेले, गुडघ्यांवर बसले, आणि त्यांना माझे ओठ नीट दिसतील अशी मान वर केली. पैज मी सहा दिवसांच्या फरकाने हरले होते.